अठरा तासांचा एक दिवस

आज क्लायंटच्या अकाउंट्समधून मेल आला. "ॲडिशनल अवर्स नॉट ॲज पर पीओ. काइंडली इश्यू क्रेडिट नोट." म्हणजे जास्तीचे तास आमच्या पीओत, परचेस ऑर्डरमध्ये, नाहीत, तेवढी रक्कम बिलातून वजा केल्याचा कागद द्या. संपला मेल. बिल जाऊन अडुसष्ट दिवस झाले होते, मधे मी चार वेळा आठवण केली होती, आणि उत्तर म्हणून ही दीड ओळ. त्यातल्या त्या 'काइंडली'ने तर डोक्यात अशी काही तिडीक गेली की चहा तसाच ठेवून लिहायला बसले आहे.

मी ईआरपीची, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची, स्वतंत्र कन्सल्टंट. स्टोअर्स आणि खरेदीचं मॉड्यूल बघते. राहते कोथरूडला, हा क्लायंट चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. माझा दर दिवसाला १६,००० रुपये. ऐकून नातेवाईकांचे डोळे विस्फारतात. "अगंबाई, रोजचे सोळा हजार? आणि घरीच तर असतेस!" त्यांना कोण सांगणार, की महिन्याचे सगळे दिवस विकले जात नाहीत, आजारपण आणि दिवाळी बिनपगारी असते, पीएफ-ग्रॅच्युइटीचं नाव नाही, आणि चाकणला जायला-यायला दीड-दीड, वाईट दिवस असेल तर दोन-दोन तास गाडीत जातात, ते कुणाच्याच बिलात नसतात. असो. दरावर माझी तक्रार नाही. तक्रार 'दिवस' या शब्दावर आहे.

गो-लाइव्हचा, म्हणजे नवी सिस्टिम सुरू करायचा, शनिवार. सकाळी दहाला मी कंपनीत हजर. संध्याकाळी सहाला डिस्पॅच बंद झाला, मग शिल्लक मालाची मोजणी, मग ती सिस्टिममध्ये चढवायची. साडेअकराला अपलोड आपटला. कारण काय, तर नट-बोल्ट-वॉशर. मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टिममधल्या वस्तूंच्या मूळ यादीत, एकक 'नग', आणि मोजणीच्या शीटवर सगळं किलोत. स्टोअर्सचे काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, आम्ही वजनावरच देतो ना. वॉशर मोजत कोण बसणार?" त्यांचंही खरंच होतं. हे मी तीन महिने आधी विचारलं होतं, तेव्हा ऑफिसातल्या साहेबांनी "सगळं नगातच आहे" असं छातीठोक सांगितलं होतं.

मग काय, काट्यावर बसलो. प्रत्येक मापाचे शंभर नट मोजायचे, वजन करायचं, एका किलोत किती नग बसतात ते काढायचं, शीटमध्ये भरायचं. दोनशेच्या वर आयटम होते. मी उलट्या ठेवलेल्या क्रेटवर, लॅपटॉप ऑइलच्या ड्रमवर, डास चावताहेत, काका आकडे ओरडून सांगताहेत आणि दोन ऑपरेटर पोरं वजन करताहेत. पहाटे चारला अपलोड हिरवा झाला. कॅंटीनवाल्याने चहा आणि गार वडे आणून दिले. त्यातला एक पोरगा हात पुसत म्हणाला, "मॅडम, आज तुमचा ओव्हरटाइम जबरी झाला असेल." मी हसले. तेव्हा हसू येत होतं!

कारण त्या पोराला दुप्पट मिळाला. मिळायलाच हवा. १९४८च्या फॅक्टरी ॲक्टात दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम झालं की दुप्पट दर होता, नवे लेबर कोड आले तरी दुप्पट तो दुप्पटच. ऑफिसातल्या आयटीच्या मुलाला कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, मिळाला, सोमवारी तो झोपला होता. आणि मी? कायद्याच्या लेखी मी कामगार नाही, कर्मचारी नाही. मी 'व्हेंडर'. म्हणजे वॉशर पुरवणारा जसा, तशी मी. फरक एवढाच, की वॉशरवाल्याकडून दहा किलो जास्त माल घेतला तर दहा किलोचे पैसे द्यावे लागतात.

रविवारी परत अकराला हजर, संध्याकाळी सातपर्यंत. हिशेब सोपा होता. शनिवारचे अठरा तास, रविवारचे आठ. दोन दिवसांचे ३२,०००. वरचे दहा तास, तासाला दोन हजारांनी २०,०००. दुप्पट नाही मागितले, दीडपट नाही मागितले, रात्रीचे जास्त नाहीत, रविवारचे जास्त नाहीत. साध्या दराने. ५२,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९,३६०, एकूण ६१,३६०. तर म्हणे, पीओमध्ये दोनच दिवस आहेत. शनिवार एक, रविवार एक. कॅलेंडरात बघा, मॅडम.

बरं, कॅलेंडर तर कॅलेंडर. पण मग त्याच्या दोन महिने आधीचं काय? त्या दिवशी यांचाच सर्व्हर बंद पडला. मी दहापासून तीनपर्यंत पाच तास बसून होते, मग साहेबच म्हणाले, "आज काही होत नाही, मॅडम, निघा तुम्ही." महिन्याच्या बिलात हाफ डे! तेव्हा बरोबर घड्याळ आठवलं. कमी भरले की तास मोजायचे आणि जास्त भरले की तारीख मोजायची. दुधवाला असं माप घेऊन आला असता तर सोसायटीने त्याला गेटच्या आत घेतला नसता.

आणि तो क्रेडिट नोटचा मामला. बिल काढलं त्याच्या पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरावा लागतो, क्लायंटने दमडी दिलेली असो वा नसो. नाही भरला तर वर्षाला १८ टक्के व्याज. म्हणजे ९,३६० रुपये मी माझ्या खिशातून सरकारला देऊन बसले आहे, आणि हे लोक अजून बिल 'प्रोसेसमध्ये' म्हणताहेत. जेव्हा देतील तेव्हा १० टक्के टीडीएस कापून देतील, तो रिटर्न भरून मिळवायचा. माझे सीए थंडपणे म्हणतात, "ताई, धंदा आहे." त्यांची फी मात्र वेळेवर लागते.

कायदा माझ्या बाजूने आहे, हे मला तोंडपाठ आहे. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी आहे माझी. २००६चा एमएसएमई कायदा म्हणतो, करार असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे अडकवता येत नाहीत, अडकवले तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय २०२४ पासून आयकरात ते ४३बी(एच) कलम आलं, वेळेत दिलं नाही तर प्रत्यक्ष देतील त्याच वर्षी त्यांना तो खर्च दाखवता येतो. सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथे तक्रार करा. करते ना! तक्रार केली की दुसऱ्या दिवशी परचेसमधला माणूस त्याच्या दुसऱ्या कंपनीतल्या परचेसच्या मित्राला सांगणार, "त्या मॅडम जरा लिटिगेशनवाल्या आहेत." चाकण, रांजणगाव, तळेगाव मिळून हे गाव फार छोटं आहे.

आता सगळ्यात जास्त राग कशाचा, तर स्वतःचा. माझ्या कोटेशनमध्ये फक्त "प्रति दिन" लिहिलं होतं. दिवस म्हणजे आठ तास, हे लिहिलं नव्हतं. अठरा वर्षं या धंद्यात काढलेल्या बाईने! दुसऱ्यांचा मास्टर डेटा तपासत फिरते, हे एकक चुकीचं, तो कन्व्हर्जन फॅक्टर गायब, म्हणून लोकांना झापते. एका किलोत किती वॉशर, हे काढायला रात्र जागवली, आणि एका दिवसात किती तास, हे स्वतःच्या कागदावर नाही. वर कळस म्हणजे, माझं जास्तीचं बिल सिस्टिम घेत नाही कारण पीओच्या वर एक नगही चढू नये अशी सेटिंग आहे. ती सेटिंग मीच केली आहे. झीरो टॉलरन्स. सही-शिक्क्यानिशी टेस्ट करून दिली आहे.

फोनचं तर मी बोलतच नव्हते, पण आता निघालाच विषय तर. "मॅडम, दोनच मिनिटं." रात्री पावणेअकराला. जेवताना. एकदा सासूबाईंना दवाखान्यात नेलं होतं तेव्हा, केसपेपर काढायच्या रांगेत. "छोटासा डाउट होता." मागच्या महिन्यात मी हट्टाने वहीत लिहून ठेवलं, अकरा तास वीस मिनिटं भरली. अमेरिकेतले वकील म्हणे तासाचे दहा तुकडे करतात, सहा-सहा मिनिटांचं बिल लावतात. मी इथे पंधरा मिनिटांचं नाव काढलं तर परचेसचे साहेब दुखावल्यासारखे म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर घरच्याच. असं कमर्शियल कुठे होताय?" घरची! घरच्या माणसाला हाफ डे लावतात का हो?

तर नवीन कोटेशन केलं आहे. एक दिवस म्हणजे आठ तास. त्यावर तासाने. रात्री दहानंतर आणि रविवारी दीडपट. बोलावलं की किमान चार तासांचं बिल. फोन पंधरा-पंधरा मिनिटांनी. फेज टूसाठी पाठवलं, तर उत्तर आलं की बाकी सगळं ठीक आहे, फक्त ती तासांची कलमं काढा, मॅनेजमेंटला आवडणार नाहीत. काढली नाहीत. क्रेडिट नोटही देत नाही. वीस हजारांनी मी श्रीमंत होणार नाही, पण आता प्रश्न वीस हजारांचा राहिलेला नाही.

हे लिहितानाच आयटीच्या त्या मुलाचा फोन आला. महिनाअखेरचं स्टॉकचं मूल्य चुकतंय, कुणीतरी वॉशर परत किलोत भरले आहेत, दोन मिनिटं बघता का.

मी विचारलं, "पीओ नंबर काय?"

"अं... विचारून सांगतो, मॅडम."

त्याला झाला आता तास.