पॉश व्हायचंय? आधी आजोबा बदला

लंडनला बदली झाली, पौंडात पगार सुरू झाला, म्हणजे आपण पॉश झालो असं वाटत असेल, तर तो गैरसमज हीथ्रोवरच उतरवून ठेवा. आपल्याकडे पॉश म्हणजे इटालियन मार्बल, फॉल्स सीलिंग आणि गेटवर सलाम ठोकणारा वॉचमन. तिकडे असलं चकचकीत घर दिसलं की मंडळी ओळखतात: नवा पैसा.

तेव्हा नवीन काही घेऊ नका. फर्निचर तर नाहीच नाही. हुजूर पक्षाचे मायकेल हेसल्टाइन प्रकाशन व्यवसायात गडगंज झाले, मंत्री झाले. त्यांच्याबद्दल पक्षातल्याच एकानं मारलेला टोमणा त्याच पक्षाचे खासदार ॲलन क्लार्क यांच्या डायरीत नोंदलेला आहे: या माणसानं आपलं फर्निचर स्वतः विकत घेतलंय! फर्निचर आजोबांकडून यावं लागतं. तुमच्या आजोबांकडून फक्त पितळी तांब्या आला असेल, तर आजोबा बदला.

मी एकदा अशा घरी जेवायला गेलो होतो. नोव्हेंबरची थंडी आणि हीटर बंद. यजमानांच्या स्वेटरला कोपरावर भोक. सोफ्यावर लॅब्रेडोर पसरलेला. तो काही उठला नाही, मीच काठावर टेकलो. अंगात नवाकोरा ब्लेझर, त्यावर पाच मिनिटांत कुत्र्याचे केस. यजमानीणबाईंनी काहीतरी विचारलं, नीट ऐकू आलं नाही, म्हणून शाळेत शिकवलं होतं तसं अदबीनं म्हणालो, ‘पार्डन?’ झालं! त्यांच्यात सरळ ‘व्हॉट?’ म्हणतात. आमच्या घरी वडिलांना नुसतं ‘काय?’ म्हटलं असतं तर कानाखाली बसली असती.

यावर रीतसर अभ्यास झालेला आहे. उच्चवर्ग आता पैशावरून नाही, भाषेवरून ओळखू येतो, असं ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये मांडलं. म्हणून ‘टॉयलेट’ कुठे आहे असं विचारू नका. ‘लू’ म्हणा, नाहीतर कळ काढा. ‘सर्व्हिएट’ नको, ‘नॅपकिन’. आणि ‘परफ्यूम’ तर मुळीच नको, ‘सेंट’ म्हणायचं. म्हणजे लग्नाला निघताना कानामागे सेंटचा बोळा खोचणारे आमचे तात्या जन्मजात पॉश होते, आणि ड्यूटी-फ्रीमधून परफ्यूम आणणारे आपण गावंढळ.

स्पेलिंगवर विसंबू नका. बारा अक्षरांचं एक आडनाव लिहितात ‘चोल्मोंडेली’ आणि वाचतात ‘चमली’.

मुलांसाठी ‘पब्लिक स्कूल’ बघा. नाव ऐकून जिल्हा परिषदेची शाळा समजू नका, ती असते खासगी. सहाव्या हेन्रीनं १४४० मध्ये ईटन काढलं ते सत्तर गरीब मुलांना फुकट शिकवायला. आता वर्षाची फी पन्नास हजार पौंडांच्या वर आहे. गरिबी महागली, दुसरं काय.

एवढं सगळं साधलं, तरी ‘मी पॉश आहे’ असं चुकूनही म्हणू नका. जिला जगानं ‘पॉश स्पाइस’ म्हटलं, ती ‘स्पाइस गर्ल्स’मधली गायिका व्हिक्टोरिया बेकमसुद्धा २०२३ च्या माहितीपटात सांगत होती की आम्ही अगदी कामगार वर्गातले. नवऱ्यानं दारातून डोकावून ‘खरं बोल’ असा धोशा लावला, तेव्हा कुठे कबूल झाली: वडील शाळेत सोडायचे ते रोल्स-रॉइसमधून.

तुम्हाला कुणी विचारलं तर म्हणा, ‘छे हो, आम्ही साधे मध्यमवर्गीय.’ कोथरूडात तीन फ्लॅट असलेल्यांना हे वाक्य शिकवावं लागत नाही. फक्त गाडी शाळेच्या एक गल्ली अलीकडे थांबवा.