नळदुर्गच्या पाणीमहालात कोणी किंचाळत नाही

नळदुर्ग किल्ल्यातल्या पाणीमहालाबद्दलचा तो मेसेज एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. अमावस्येला रात्री बारानंतर पाणीमहालात उर्दूतून किंकाळ्या ऐकू येतात म्हणे. १९४८ साली किल्ल्यात तीन दिवस लढाई झाली आणि शेकडो मुडदे महालात चिणले म्हणे. महाल मुळात कैद्यांना बुडवून मारण्यासाठीच बांधलेला, तिथून तुळजापूरपर्यंत भुयार आहे, आणि हिंमत असेल तर टॉर्च बंद करून आत जा. सोबत हलता, काळोखा व्हिडिओ. माझा भाचा उमरग्याला अकरावीत आहे. त्यानं हे पाठवलं आणि खाली लिहिलं, 'मामा, सर्वपित्रीला आम्ही चाललो.' तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं.

भुयाराचं आधी उरकतो. नळदुर्ग ते तुळजापूर तीसेक किलोमीटर, सगळा काळा कातळ. मराठवाड्यात प्रत्येक किल्ल्यातून कुठल्या तरी देवळापर्यंत भुयार निघतं आणि त्यातून गेलेला माणूस कधी भेटत नाही.

महाल कैद्यांसाठी, हे तर पाहिलेल्या माणसानं लिहिलेलंच नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर भक्कम बंधारा घातला गेला. मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा जोडकिल्ला त्यानं जोडले आणि बंधाऱ्याच्या पोटात महाल काढला. तिथला फारसी शिलालेख सांगतो की हे काम पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधार येईल. माणसं बुडवायची कोठडी बांधून कोणी मित्रांना बघायला बोलावत नाही.

आवाज येतात, एवढं मात्र मान्य करावं लागेल. बोरी भरली की बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात आणि आत महालात तो घुमारा छातीत जाणवतो. वर वटवाघळं. दिवसाही अंगावर काटा येतो. पण तो पाण्याचा आवाज आहे.

आता १९४८. लढाई झाली, हे खरं. १३ सप्टेंबरला पहाटे भारतीय फौज सोलापूरच्या बाजूनं निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली. तिनं बोरीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि किल्ल्याजवळ निजामाच्या पायदळाशी तिची गाठ पडली. पण त्याच दिवशी दुपारी हीच फौज उमरग्यात पोचली होती. मग नळदुर्गात तीन दिवस लढत कोण होतं? अख्खी पोलीस ॲक्शन, म्हणजे हैदराबाद संस्थानावरची ही लष्करी कारवाई, १७ तारखेला आटोपली.

मला सगळ्यात जास्त संताप आला तो उर्दूतल्या किंकाळ्यांचा. उर्दूत का? निजामाच्या राज्यात आपल्या आजोबांची शाळा उर्दूत, कोर्टकचेरी उर्दूत, जमिनीचे जुने कागद उर्दूत. ती भाषा अशी भुताच्या तोंडी घातली की ती बोलणारा शेजारीही आपोआप भूत ठरतो. हा मेसेज करतो ते हेच.

या जिल्ह्यात त्या काळात माणसं मेली. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी गावं लुटली, जाळली, लोक जीव घेऊन सोलापूर-बार्शीकडे पळाले. ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं हैदराबाद संस्थानभर मिळून २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचं, म्हणजे आपल्या धाराशिवचं, नाव घेतलं. तो अहवाल कितीतरी दशकं दाबून ठेवला होता. दोन्हीकडच्या त्या माणसांची घरं, शेतं, नातवंडं आजही इथंच आहेत. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते गल्लीसकट सांगतील. ते विचारायचं सोडून आपण पाणीमहालात किंकाळ्या रेकॉर्ड करायला निघालोय, आणि ते लाईकसाठी.

राहिलं ते टॉर्चचं आव्हान, आणि जीव जाईल तो इथंच. सर्वपित्री येते भाद्रपदाच्या शेवटी, म्हणजे ऐन पाण्याच्या दिवसांत. पायऱ्या ओल्या, त्यावर शेवाळ, बंधाऱ्याला एका अंगाला खोल पाणी आणि दुसऱ्या अंगाला सरळ खाली पात्र. संध्याकाळी किल्ल्याचं फाटक बंद होतं, म्हणजे पोरं तटावरून कुठून तरी चढून आत उतरणार. धबधबा चालू असेल तर हाकेच्या अंतरावरची ओरडही ऐकू येत नाही. पाय घसरलेल्या पोराची हाक वर कोणाला कळणार नाही. किल्ला बघायचा तर दिवसा बघा, पाणी वाहत असताना जरूर बघा, उपळी बुरुजावर चढा, तिथल्या लांबलचक तोफा बघा. पण तुमच्या ग्रुपवर हा मेसेज असेल तर ॲडमिनला आजच फोन करून तो उडवायला लावा, आणि ज्यांची पोरं अमावस्येचा बेत करतायत त्या आईबापांच्या कानावर घाला.