बाळ्याचं बीपी, मावशींची चटणी आणि कट्ट्यावरचा राडा

वाद सुरू झाला सैंधव मिठावरून. बाळ्याला बीपी निघालंय, डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हणून सांगितलंय, तर हा गडी म्हणतो कमी कशाला करू, मी आता सैंधव खातोय की. विन्या एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, दिवसभर डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसून असतो, त्यामुळं असलं काही ऐकलं की त्याला गप्प बसवतच नाही.

"लगा, सैंधव असो नाहीतर समुद्राचं, आत जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच. गुलाबी दिसतंय म्हणून सोडियम कुठं जात नाही."

"मग ते लो सोडियमचं पाकीट आणू?"

"त्यात सोडियमच्या जागी थोडं पोटॅशियम घातलेलं असतं. बीपीच्या काही गोळ्यांनी आधीच पोटॅशियम वाढतं, किडनीचं काही असलं तर मग विचारूच नको. तुझ्या डॉक्टरांना विचार आधी, मला नको."

बाळ्याचं गाऱ्हाणं तसं खरं होतं. वहिनींनी मीठ एकदम अर्ध्यावर आणलंय, आणि बाकी काहीच बदललेलं नाही, तीच भाजी, तीच आमटी, फक्त मीठ नाही. मग ते सपक लागणारच. हा घरी दोन घास खातो, बाहेर येऊन भेळ मारतो, वर शेव एक्स्ट्रा. म्हणजे घरी वाचवलेलं मीठ चौकात वसूल.

सच्या म्हणाला, "सोप्पं आहे, मीठ कमी झालं तर मसाला वाढव." सच्याची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, त्यामुळं त्याचा मसाला हा शब्द हळदीपासून सुरू होतो आणि हळदीवरच संपतो. हळद रक्त शुद्ध करते, हळदीनं बीपी जातं, हळदीनं कॅन्सर बरा होतो, अमेरिकेनं उगाच पेटंट घेतलं होतं का, माशेलकर साहेबांनी उगाच भांडून ते परत आणलं का. हे दर वेळी.

आता ते पेटंट प्रकरण खरं आहे. 1995 ला अमेरिकेत ते मिळालं आणि सीएसआयआरनं (भारत सरकारची संशोधन संस्था, माशेलकर तेव्हा तिचे प्रमुख) जुने संस्कृत दाखले वगैरे देऊन 1997 ला रद्द करून घेतलं. पण ते होतं जखमेवर हळद लावण्याबद्दल. आपल्याकडं गुडघा फुटला की आजी दाबायची तेच. त्याचा बीपीशी काय संबंध, हे विन्यानं विचारल्यावर सच्या जरा चिडला आणि काळी मिरी काढली. हळदीबरोबर मिरी खाल्ली की ती 2000 टक्के जास्त रक्तात उतरते, बेंगळुरूचं संशोधन आहे म्हणाला.

"आहे ना," विन्या म्हणाला, "1998 चं. पण त्यात माणसांना दिलं होतं 2 ग्रॅम करक्युमिन, हळद नव्हे. हळदीत करक्युमिन धर 3 टक्के. म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम हळद झाली की. तू आमटीत किती घालतोस?"

सच्या गप्प. (आमटीत हळद किती घालतात हे त्याला माहितीच नाही, तो फक्त पोती मोजतो.)

विन्याचं पुढं चालूच, की त्या करक्युमिनच्या गोळ्या खाऊन लिव्हर बिघडल्याच्या केसेस झाल्यात, दालचिनीचं पण तसंच, बाजारात बहुतेक मिळते ती जाड सालीची कॅसिया, तिच्यात कुमारिन असतं, भाजीत तुकडा टाकला तर काही नाही पण कुणी सांगितलं म्हणून रोज चमचाभर पावडर पाण्यातनं प्यायला लागलास तर तेही लिव्हरवरच येतंय. माझं मत विचाराल तर इथं विन्या शंभर टक्के बरोबर होता. मसाल्याला औषध केलं की माणसं दोन चुका करतात, एक तर नको तेवढं खातात आणि दुसरं म्हणजे मीठ-तेल आहे तसंच ठेवतात. मसाल्याचा खरा उपयोग साधा आहे, मीठ आणि तेल कमी केल्यावर जेवणात जी जागा रिकामी होते ती भरायची. काही कमीच केलं नाही तर नुसत्या मसाल्यानं काय होणार, जेवण चविष्ट होईल आणि बाळ्या दोन भाकरी जास्त खाईल.

पण सच्यालाही एका बाबतीत मार्क द्यायला पाहिजेत. हळद घेताना झगझगीत पिवळी बघून घेऊ नका म्हणाला. बांगलादेशात हळकुंडं पॉलिश करतानाच शिसं असलेला पिवळा रंग घालायचे, 2019 च्या सुमारास ते उघड झालं, मग तिथल्या सरकारनं धाडी घातल्या आणि दोनेक वर्षांत ते जवळपास बंद पडलं. "आपली राजापुरी हळद तशी भडक नसतीच. ओळखीच्याकडनं हळकुंडं घे आणि दळून आण," हे त्यानं पोटतिडकीनं सांगितलं. सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय (त्या भागाच्या नावाचं मानांकन) मिळालं तेव्हा यानं अख्ख्या कट्ट्याला पेढे वाटले होते. हरिपूरच्या पेवांचा (हळद साठवायचे जमिनीतले खड्डे) विषय निघाला की अजून त्याचा आवाज बदलतो.

इतका वेळ मावशी डबे भरत ऐकत होत्या. मावशींची खानावळ आमच्या कट्ट्याला लागूनच. त्यांनी पदराला हात पुसत एकच प्रश्न टाकला आणि सगळ्यांची बोलती बंद.

"मसाला वाढवा म्हणताय, पण कुठला? आपली चटणीच ना?"

चटणी म्हणजे आपली लाल चटणी, कांदा-लसूण मसाला. सांगली-कोल्हापुराकडं दुसरं काय असणार. सच्या म्हणाला व्हय, तीच.

"अरं, मग तिच्यात मीठ असतंय की. किलोभर मिरचीला मी पाव किलो खडं मीठ घालते. नाहीतर वर्षभर टिकंल का ती? वरनं मीठ कमी केलंस आणि चटणी दोन चमचे वाढवलीस, तर गेलं कुठं मीठ?"

हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. विन्यानं लगेच मोबाईलवर हिशेब मांडला. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ हवं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. भारतात सरासरी 8 ग्रॅमच्या आसपास जातं. आणि त्यात पापड आला, लोणचं आलं, ही चटणी आली. समोरच्या किराणा दुकानातनं तो चाट मसाल्याचं पाकीट घेऊन आला आणि मागची बाजू वाचून दाखवली. जे वजनानं जास्त ते यादीत आधी लिहायचं असा नियम आहे, आणि मिठाचं नाव पार वर होतं. बाळ्या हाच चाट मसाला काकडीवर मारून खात होता, मीठ सोडलंय म्हणून!

मग घालायचं काय, तर मावशींनी सांगितलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे म्हणून इथं टाकतोय. धणे-जिरे घरी भाजायचे, मंद आचेवर, वास सुटला की खाली, आणि थोडेच कुटायचे, महिनाभराचे नाहीत, कारण कुटलेल्याचा वास उडतो. डाळ शिजताना मीठ घालायचंच नाही. फोडणीला चमचाभर तेल पुरतं, पण ते नीट तापलं पाहिजे, मसाल्याचा वास तेलातच उतरतो. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, हळद शेवटी कारण ती जळते. मग डाळ, धणे-जिरे पूड, चिंच नाहीतर दोन आमसुलं. गॅस बंद केल्यावर मीठ, तेही चाखून. "आंबट असलं की मीठ कमी पडलेलं कळत नाही," हे त्यांचं वाक्य. वरनं कोथिंबीर, देठासकट, देठातच वास जास्त. भाजीला कारळ्याचं नाहीतर तिळाचं कूट, बिनमिठाचं. आणि मीठ एकदम अर्ध्यावर नाही आणायचं, जरा जरा कमी करत जायचं, जिभेला सवय लागते.

आतनं त्यांनी वाटीभर आमटी आणली, तशीच केलेली. बाळ्यानं भुरका मारला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला. "पण चालतंय. लसूण भारी लागतोय."

विन्या म्हणाला वहिनींना ही रेसिपी सांग. मावशी भडकल्या. "तिला कशाला? बीपी ह्याचं, हात ह्याला आहेत की. फोडणी करायला काय हळद बाजारात विकायची आहे?" सच्या उगाच हसला, मग मावशींनी विचारलं तुला येते का रे फोडणी, तेव्हा तोही गप्प. चौघं जण तासभर मसाल्यावर भांडत होतो आणि चौघांत मिळून एकाला पोहे येत होते. मला. तेही कांदा करपवून.

शेवटी ठरलं असं की यंदाच्या चटणीत मीठ निम्मं घालायचं. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची सच्या आणणार, यार्डाच्या भावात. मावशी म्हणाल्या मी कांडून देते, पण मीठ कमी घातलं की ती बाहेर टिकणार नाही, बुरशी धरंल, फ्रीजरलाच ठेवावी लागेल, आणि माझ्या फ्रीजरला चौघांच्या बरण्या मावणार नाहीत. बाळ्या म्हणतो आमच्या फ्रीजरमध्ये पोरांचं आइस्क्रीम असतं. विन्याचा फ्रीज सिंगल डोअर. सच्या म्हणतो यार्डातनं कोल्ड स्टोरेजला टाकू, दोन किलोच्या चटणीसाठी! त्यावर परत अर्धा तास.