दोन मिनिटांत झोप आणि गळालेले सहा आठवडे

सोसायटीच्या ग्रुपवर महिन्याभरात तिसऱ्यांदा हा मेसेज आलाय: 'निद्रानाश म्हणजे फक्त शरीरातला ताण. रात्री फोनवर डेल्टा लहरी लावा, ४-७-८ श्वास घ्या, दोन मिनिटांत गाढ झोप. अमेरिकन वैमानिक असेच झोपायचे. गोळ्या आजच फेकून द्या.' खाली जोडलेल्या हातांची रांग. आठ-नऊ महिने रात्री जागून काढल्यात मी, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी शेवटचं वाक्य, कारण तेच अंगाशी येणारं आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा गोळ्या बरेच दिवस चालू असतील आणि एकदम सोडल्या, तर झोप होती त्याहून जास्त उडते, जीव घाबरा होतो, काहींना फिटही येते. डॉक्टरला विचारून हळूहळूच कमी करायच्या असतात त्या. बाकीचा मेसेज पाळून फार तर एखादी रात्र वाया जाईल.

वैमानिकांची गोष्ट बड विंटर या धावण्याच्या प्रशिक्षकाच्या १९८१च्या पुस्तकातली, दुसऱ्या महायुद्धातली. दोन मिनिटांत झोप लागायची ती सहा आठवड्यांच्या सरावानंतर, असं त्यातच म्हटलंय. फॉरवर्ड होता होता सहा आठवडे गळाले. शिवाय ती दमलेली तरणी पोरं होती, निद्रानाशाचे रुग्ण नव्हेत.

श्वासाचं मात्र अगदीच खोटं नाही. उच्छ्वास लांबवला की हृदयाचे ठोके मंदावतात, प्राणायाम करणाऱ्यांना हे नवीन नाही. पण हिशेब करा: ४ सेकंद श्वास आत, ७ रोखून, ८ सेकंद बाहेर, मिळून १९ सेकंद, म्हणजे मिनिटाला जेमतेम तीन श्वास. एरवी आपण बारा ते वीस घेतो. मी पंख्याकडे बघत मोजायचो. पाचाला छाती भरून यायची, आकडा चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून. एका रात्री बायको म्हणाली, "अहो, झोपताय की पाढे म्हणताय?" तिचं बरोबर होतं. झोप लागतेय का हे तपासत राहणारा माणूस जागाच राहतो. मग मी आकडे सोडले, नुसता श्वास सावकाश सोडायला लागलो. झोप लगेच लागली असं नाही, पण धडपड थांबली.

डेल्टा लहरींबद्दल थोडक्यात. दोन कानांत किंचित वेगळे सूर सोडले, समजा २०० आणि २०४ हर्ट्झ, तर मेंदूला सेकंदाला चारचा ठेका जाणवतो. डोव्ह या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हे टिपलं होतं. त्याला हेडफोन लागतात. उशाशी ठेवलेल्या फोनच्या स्पीकरवर दोन्ही सूर दोन्ही कानांत जातात. आणि गाढ झोपेत मेंदूत साधारण याच संथ गतीच्या डेल्टा लहरी दिसतात म्हणून तो ठेका ऐकून गाढ झोप येईल, हे कोंबडं आरवलं म्हणून उजाडलं म्हणण्यासारखं आहे. आवाज आवडत असेल तर खुशाल ऐका.

कुणीतरी खाली श्वासाच्या लयीत फुगणाऱ्या यांत्रिक उशीची लिंकही टाकली होती. स्वीडनमध्ये निद्रानाशाच्या ४४ रुग्णांवर अशा उशीची चाचणी झाली. उशी घेऊन झोपलेल्यांत आणि नुसत्या वाट पाहणाऱ्यांत म्हणावा असा फरक निघाला नाही.

खरी मेख 'फक्त शरीरातला ताण' या शब्दांत आहे. १९८०च्या सुमारास पीटर हाउरी या निद्रातज्ज्ञाने रुग्णांना कपाळाच्या स्नायूंचा ताण यंत्रावर दाखवून तो सैल करायला शिकवलं. मुळात ताठलेल्या माणसांना फायदा झाला. ज्यांचं अंग आधीच सैल होतं त्यांना नाही. अंग सैल, पण डोकं चालू असा माणूस घरोघरी सापडेल. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली शिथिलीकरणाची शिफारस केली, पण हातचं राखून. ठाम शिफारस निद्रानाशासाठीच्या विचार-वर्तन उपचाराची (सीबीटी-आय). त्यात अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे मिटायला लागले की परत यायचं. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं. सुरुवातीचे दिवस वाईट जातात. म्हणूनच हे फॉरवर्ड होत नसावं.

आठवड्यातून तीन रात्री झोप उडते आणि असे तीन महिने गेले असतील, किंवा घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर डॉक्टर गाठा. श्वास अडकतो त्याला डेल्टा काय करणार?

आमच्याकडे पावणेसहाचा गजर रविवारीही वाजतो. बायको कुरकुरते, पण मी तो बंद केलेला नाही.