संत लुसियाचा १३ डिसेंबर ‘मुळात सूर्याचा सण’ होता का?

डिसेंबर उजाडला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: ‘१३ डिसेंबरचा संत लुसियाचा सण म्हणजे मुळात उत्तर युरोपातला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीचा सूर्योत्सव. चर्चने तो बळकावला, त्याला एका काल्पनिक मुलीचं नाव चिकटवलं आणि तिने स्वतःचे डोळे काढून दिले अशी कथा रचली. डोक्यावरच्या मेणबत्त्या नि केशर घातलेले पाव हे त्या जुन्या सणाचेच अवशेष.’ सोबत पांढऱ्या झग्यातल्या स्वीडिश मुलीचा फोटो. यात थोडं खरंही आहे, म्हणून तर ते पटकन गळी उतरतं. पण आधी काय घडलं आणि नंतर काय, हा क्रमच उलटा लावलाय.

तारीख आधी बघू, सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. आज सर्वांत मोठी रात्र २१-२२ डिसेंबरची असते, १३ची नव्हे. मग १३ कुठून आली? जुनं ज्युलियन पंचांग दर १२८ वर्षांना साधारण एक दिवस घसरत गेलं. त्यामुळे चौदाव्या शतकात ही रात्र खरोखरच १३ डिसेंबरच्या आसपास येत असे. लुसियाचा दिवस सर्वांत लहान, ही इटालियन म्हण त्या घसरलेल्या पंचांगाशी बरोबर जुळते, आणि उत्तरेकडच्या ‘लुस्सी’ या दुष्ट स्त्रीच्या भयरात्रीच्या लोककथाही. मात्र परंपरेनुसार लुसिया मारली गेली ती इ. स. ३०४मध्ये, सम्राट डायोक्लेशनच्या छळकाळात, सिसिलीतल्या सिराक्यूज शहरात. त्या काळी मोठी रात्र यायची २०-२१ डिसेंबरला. रात्रीवर डोळा ठेवून कुणी सण बसवला असता तर तो १३ला बसलाच नसता. आधी सण १३ला होता. रात्र घसरत घसरत हजारेक वर्षांनी त्याच्यापाशी पोचली आणि १५८२ला पोप ग्रेगरींनी पंचांगातून १० दिवस वगळल्यावर पुन्हा लांब गेली.

‘काल्पनिक मुलगी’ या मुद्द्याला उत्तर दगडावर कोरलेलं आहे. १८९४मध्ये पाओलो ओर्सी या पुरातत्त्वज्ञाला सिराक्यूजमधल्या संत योहानाच्या भुयारी दफनभूमीत युस्किया नावाच्या स्त्रीचा ग्रीक शिलालेख सापडला. तो चौथ्या शतकाच्या अखेरीचा किंवा पाचव्याच्या सुरुवातीचा. पंचविशीच्या आसपास वारलेली ही युस्किया ‘माझ्या स्वामिनी लुसियाच्या सणाच्या दिवशी’ गेली, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे लुसियानंतर शतकभरात तिच्याच गावात तिचा सण इतका रुळला होता की मृत्यूची तिथी त्यावरून सांगत. स्वीडन ख्रिस्ती व्हायला तेव्हा सहा-सात शतकं अवकाश होता! शिवाय मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, रोमन कॅनन या मुख्य प्रार्थनेत ज्या सात हुतात्मा स्त्रियांची नावं घेतली जातात, त्यात अगाथाच्या पाठोपाठ लुसिया आहे.

तिच्या चरित्रातले बारकावे मात्र इतिहास म्हणून घेऊ नयेत. बैलांच्या जोड्या लावूनही ती जागची हलली नाही वगैरे वर्णन हुतात्म्यांच्या कथांच्या ठरावीक साच्यातलं आहे.

डोळ्यांची गोष्ट तर त्या जुन्या चरित्रात नाहीच. तिथे तिचा अंत गळ्यावरच्या शस्त्राच्या घावाने होतो. लॅटिनमध्ये ‘लुक्स’ म्हणजे प्रकाश. त्यावरून लुसिया दृष्टीची रक्षक झाली आणि मध्ययुगाच्या उत्तरार्धात चित्रकार तिच्या हाती डोळे देऊ लागले. सिराक्यूजच्या चांदीच्या मूर्तीत दोन्ही थर एकत्र दिसतात: गळ्यात खंजीर, हातात डोळ्यांची ताटली. हीच मूर्ती १३ला मिरवणुकीने तिच्या थडग्याच्या चर्चमध्ये नेतात आणि २०ला महामंदिरात, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चमध्ये, परत आणतात. थडगं रिकामंच आहे. अवशेष व्हेनिसला आहेत. तिथलं तिच्या नावाचं चर्च १८६१मध्ये पाडलं, आणि रेल्वे स्टेशन आजही सांता लुसियाच म्हणवतं.

आता मेणबत्त्यांचा मुकुट. भुयारात लपलेल्या ख्रिस्ती लोकांना अन्न पोचवताना हात मोकळे राहावेत म्हणून तिने दिवे डोक्यावर बांधले, ही भाविकांची आवडती कथाही नंतरचीच. पण म्हणून मुकुट प्राचीन सूर्यपूजेचा ठरत नाही. पांढऱ्या वेशातल्या स्वीडिश लुसियाची पहिली नोंद १७६४ची, व्हेस्टरयोटलंड भागातल्या एका जमीनदारी घरातली. स्टॉकहोममधली जाहीर लुसिया निवडली गेली १९२७मध्ये, एका वर्तमानपत्राच्या स्पर्धेतून. स्वीडनने नवं पंचांग १७५३लाच घेतलं होतं, म्हणजे पहिल्या नोंदीच्या वेळी १३ची रात्र सर्वांत मोठी उरलीही नव्हती. कमरेची लाल पट्टी हुतात्म्याच्या रक्ताची खूण मानतात. खऱ्या मेणबत्त्या लावायच्याच असतील तर मुकुटाखाली केसांवर ओला, घट्ट पिळलेला रुमाल हवा आणि मान सरळ. मान झुकली की मेण कपाळावर ओघळतं. लहान मुलांना बॅटरीचे दिवेच बरे.

केशर तर उत्तरेत पिकतही नाही. व्यापाऱ्यांकडून येणारा तो महागडा मसाला. त्याला आदिम सूर्यपूजेचा अवशेष म्हणणं म्हणजे बटाटेवड्याला वेदकालीन ठरवण्यासारखं. पाव करायचाच तर अर्धा ग्रॅम केशर चमचाभर साखरेसोबत खलात बारीक कुटून २५० मिलिलिटर कोमट दुधात भिजवा. नुसत्या काड्या टाकल्या तर रंग ठिपक्यांतच राहतो. दूध ३७ अंशांच्या आसपास असावं, फार गरम झालं तर यीस्ट मरतं. त्यात ८ ग्रॅम कोरडं यीस्ट, ९० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम लोणी, चिमूट मीठ आणि सुमारे ५०० ग्रॅम मैदा. हे पाव कोरडे पडतात ते बहुधा जास्तीच्या मैद्यामुळे. कणीक हाताला किंचित चिकटतेय तिथेच थांबावं. स्वीडिश लोक ओलाव्यासाठी ‘क्वार्ग’ घालतात. आपल्याकडे १२५ ग्रॅम चक्का तेच काम करतो. इंग्रजी एसच्या आकारात वळून दोन्ही वेटोळ्यांत भिजवलेला बेदाणा अगदी तळापर्यंत दाबा, नाहीतर फुगताना तो वर येऊन करपतो. २२५ अंशांवर ६ ते ८ मिनिटं पुरतात.

फिरत्या मजकुरात सिसिलीचं जेवण कधीच नसतं, आणि खरा सण तर तिथेच आहे. परंपरा सांगते की १६४६च्या दुष्काळात धान्याचं जहाज बंदराला लागलं, तेव्हा दळण्याचाही धीर नसलेल्या लोकांनी गहू तसेच शिजवून खाल्ले. म्हणून पालेर्मोत या दिवशी पाव आणि पास्ता वर्ज्य. भाताचे तळलेले गोळे, बेसन शिजवून थापून तळलेली ‘पानेल्ले’ आणि गव्हाची ‘कुच्चिया’ खातात. (भाताच्या गोळ्यांना वरून पावाचाच चुरा लावलेला असतो, तिकडे सगळे काणाडोळा करतात.)

कुच्चियासाठी ५०० ग्रॅम अख्खे गहू १० तारखेला भिजत घालून रोज दोनदा पाणी बदलतात. आपल्या हवेत तीन दिवस बाहेर ठेवले तर आंबूस वास येतो, तेव्हा भांडं फ्रिजमध्ये ठेवावं. आपल्या खिरीसारखे ओलवून कांडायचे नाहीत. कोंडा राहू द्यायचा. वर चार बोटं पाणी ठेवून मंद आचेवर दोन-तीन तास, किंवा कुकरला पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर ४० मिनिटं. दाणा फुटला पाहिजे. मग त्याच पाण्यात झाकून मुरवावेत आणि शेवटी पूर्ण निथळावेत. मेंढीच्या दुधाचा ५०० ग्रॅम रिकोटा रात्रभर टांगून, १५० ते २०० ग्रॅम साखर घालून चाळणीतून घासतात. इथे ताजा छेना चालतो. चक्का नको, आंबट होतो. साखरेने पाणी सुटतं, म्हणून गहू आणि रिकोटा वाढायच्या वेळीच एकत्र करावेत. वर दालचिनी, पाकवलेली फळं, चॉकलेटचे तुकडे.

राहिला ‘बळकावण्या’चा मुद्दा. रोमच्या पंचांगात लुसियाचा दिवस ‘अनिवार्य स्मरण’ या, मोठ्या सणांच्या खालच्या दर्जाचा. धर्मगुरू लाल वस्त्रं घालतात, पण आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांतला, रविवार आला की हे स्मरण गळतं. ज्या दिवसासाठी चर्च हा रविवारही बाजूला सारत नाही, तो हट्टाने बळकावला म्हणणं कठीणच. २०२६मध्ये १३ डिसेंबर रविवारीच आहे. लुसिया जिथे आश्रयदाती नाही अशा बहुतेक चर्चमध्ये त्या दिवशी आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारची मिस्सा होईल, वस्त्रं गुलाबी किंवा जांभळी असतील. गहू मात्र १०लाच भिजत घालायचे.