ठरवून काढलेला फोटो खोटा का असतो? (काकांच्या कमेंटला उत्तर)

काका, तुमची कमेंट नीट वाचली. खाली दोन ओळी टाकून मोकळा होणार होतो, पण तुम्ही लिहिलंय ते बऱ्याच जणांच्या मनात असतं आणि ते तोंडावर बोलत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मागच्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की जोडप्याचा किंवा घरच्यांचा फोटो काढायचा तर आधी बसून ठरवा, कुठे, किती वाजता, कोण कोण आणि कशासाठी. त्यावर काका म्हणतात की ही सगळी पैसेवाल्यांची थेरं आहेत, त्यांच्या आईवडिलांचा १९६८ साली स्टुडिओत काढलेला एकच फोटो आहे आणि तो पुरतो. शिवाय ठरवून काढलेला फोटो खरा कसा असेल, फोटो सहज निघाला पाहिजे. आणि मोबाईल घरोघरी असताना फोटोग्राफरला हजारो रुपये कशाला मोजायचे.

आधी प्री-वेडिंगचं, म्हणजे लग्नाआधीच्या फोटोशूटचं बोलू, कारण तुमचा मूळ राग तिकडेच आहे असं वाटतं. तो रंगीत धूर, बुलेटवर उलटं बसणं, वाऱ्यावर उडवायला भाड्याने आणलेला दहा फुटी गाऊन, त्या गाऊनचं टोक धरून झुडपामागे लपलेला असिस्टंट, यातलं काही मलाही झेपत नाही. नावं बदलली तरी अल्बम तोच राहतो. इथपर्यंत आपलं जमतंय.

पण तुमच्या आईवडिलांच्या त्या फोटोचं तुम्हीच वर्णन केलंय बघा. मागे पडद्यावर रंगवलेली बाग, बाजूला स्टुलावर प्लास्टिकची फुलं, वडिलांच्या अंगात मामांचा कोट. काका, यात सहज काय आहे सांगा! कोट मागून आणला, आईने ठेवणीतली साडी काढली, फोटोग्राफरने हनुवटीला बोट लावून मान सरळ केली असणार आणि "हलू नका" म्हणाला असणार. आजच्या कुठल्याही फोटोशूटपेक्षा जास्त तयारी त्यात आहे, आणि तरी तुम्हाला त्यात आईच दिसते. त्याच्याही आधीच्या काळात तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोवर उजेड पडू द्यायचा वेळ, इतका लांब असायचा की डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावायचे. आनंदीबाई जोशींचा फिलाडेल्फियाचा तो प्रसिद्ध फोटो आठवा, १० ऑक्टोबर १८८५ चा. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली, तिघी एकाच मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी आणि तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचा पोशाख. हा काही येता जाता निघालेला फोटो नाही, कॅमेऱ्यासमोर कोण म्हणून बसायचं ते ठरवूनच त्या बसल्यात. म्हणून तर तो आजही बघवत राहतो.

आता ठरवायचं म्हणजे नक्की काय ठरवायचं, कारण लोकांना वाटतं लोकेशन आणि मॅचिंग कपडे. कोणाकडे फोटो काढायला जाण्याआधी माझा बराचसा वेळ फोनवर वेगळ्याच चौकशीत जातो. आजींचे गुडघे कसे आहेत, हाताची खुर्ची आहे का घरात. बाळ किती वाजता झोपतं. घरातल्या कोणा दोघांत बोलणं बंद आहे का, असेल तर त्यांना शेजारी उभं करायचं नाही आणि मुद्दाम दोन टोकांनाही नाही, मध्ये एखादं लहान पोर घालायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोटोतून कोण निसटणार आहे. हे प्रत्येक घरात असतं. सून चहा टाकायला आत जाते ती ग्रुप फोटो होईपर्यंत बाहेर येत नाही, म्हणून मी आधीच सांगून ठेवतो की चहा शेवटी, आणि तोही घरातल्या पुरुषमंडळींपैकी कोणीतरी करा. नवरा गेलेली काकू असते, "तुम्ही घ्या रे, मी आहेच इथे" म्हणत पडद्याशी जाऊन उभी राहते, शुभकार्यात मागे राहायची इतकी सवय लावलेली असते आपण. तिची खुर्ची मी माणसं जमायच्या आधी मधोमध ठेवून देतो, मग तिला उठून जाणं अवघड होतं. हे आयत्या वेळी सुचत नाही हो, कोणाला वाईट न वाटता तर नाहीच.

एक उदाहरण देतो. सांगलीकडचं एक जोडपं, पिठाची गिरणी चालवतात, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलाने पन्हाळ्याला रिसॉर्ट बुक केलं होतं, आईला गाऊन आणि वडिलांना ब्लेझर. मी म्हटलं रिसॉर्ट कर, पण आदल्या दिवशी सकाळी अर्धा तास मला गिरणीत दे. गिरणी पूर्वेकडे तोंड करून, शटर अर्धं उघडलं की दारातून आडवा उजेड आत येतो आणि हवेत पीठ असल्याने तो उजेड डोळ्यांना दिसतो, लाईट लावायची गरजच नाही. ट्यूब तेवढी बंद करायला लावली, नाहीतर एक गाल पिवळा आणि एक हिरवट येतो. वडील पीठ पडतं त्या कापडी नळीला नेहमीसारखी थाप मारत होते, आई डबे लावत होती, आणि मग दोघांचं एका स्टीलच्या डब्यावरून सुरू झालं, हे म्हणतात हा जोशींचा, त्या म्हणतात जोशींच्या झाकणाला पोचा आहे, हा तो नाहीच. मी फोटो काढतोय हे दोघंही विसरले. यात ठरवलेलं काय होतं? जागा, वेळ, उजेडाची बाजू. भांडण त्यांचं त्यांनी केलं. आता गंमत अशी की वडिलांना तो फोटो अजून पसंत नाही, बनियनवर आहे म्हणतात, त्यांना पन्हाळ्याचा ब्लेझरवाला आवडतो. आईने मात्र गिरणीतलाच मोठा करून घेतलाय. दोघांचंही बरोबर आहे, फोटो त्यांचे आहेत.

मोबाईलचं म्हणाल तर मोबाईलने काढाच, मी कशाला नाही म्हणू. फक्त मोबाईलच्या हजार फोटोंत आईवडील दोघं एकत्र, चेहरे स्पष्ट, असे किती सापडतात ते एकदा बघा. हे कटू आहे पण लिहितो, घरातलं माणूस गेलं की हार घालायला फोटो शोधतात आणि मिळत नाही. मग कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून चेहरा कापून एन्लार्ज करायचा, स्टुडिओवाला कॉम्प्युटरवर कोट चढवतो, आणि खांद्यावर भलत्याच कोणाची तरी चार बोटं राहतात. भिंतीवर अशी बोटं मी पाहिलीत. मला तरी थेरं म्हणावीशी वाटतात ती ही.

पैसे देणं जमत नसेल किंवा पटत नसेल तर घरच्या घरी करा, उत्तम होतं. सकाळी खिडकीपाशी, ऊन अंगावर थेट नको, खिडकीतून नुसता उजेड हवा. दोन खुर्च्या खिडकीला तिरक्या, ट्यूब बंद. मोबाईल स्टुलावर डबा ठेवून त्याला टेकवा, साधारण छातीच्या उंचीला, टायमर दहा सेकंदांचा. सेल्फीसारखं जवळून काढू नका, नाकं मोठी येतात, सहा-सात फूट लांब जाऊन २एक्स झूम लावा. चष्मा चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली. बारीक चौकड्यांचा शर्ट टाळा, फोटोत लाटा उठल्यासारखा दिसतो. पैठणीची जर खिडकीत चकाकते, पण नेसायची असेल तर खुशाल नेसा, चकाकू दे. कॅमेरा असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, दोन रांगा असतील तर एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडून, काढून मागचे काका-मामा धूसर करू नका, ५.६ किंवा ८ ठेवा. आणि पोरं असतील तर शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको, ती हलणारच.

तुम्ही आणि काकूंनी या रविवारी एक काढा. नातवाला टायमर लावायला सांगा म्हणजे तोही पळत येऊन फ्रेममध्ये घुसेल. आणि काढल्यावर तो फोनमध्ये ठेवू नका, प्रिंट काढा, मॅट पेपरवर, आठ बाय दहा पुरे. मागे नावं आणि तारीख लिहा, पण बॉलपेन दाबून नको, पुढच्या बाजूला वळ उठतो.