विल्यम्सबर्गचा दिवस वाया गेला, या तुमच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय मी परत परत वाचला, टूर मॅनेजरशी सविस्तर बोललो आणि मगच लिहायला बसलो. दोन तारे देऊन तुम्ही म्हटलंय की आमच्या अमेरिका पूर्व किनारा टूरमधला व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्गचा, म्हणजे अठराव्या शतकातलं गाव जपून आणि पुन्हा उभारून केलेल्या जिवंत संग्रहालयाचा, दिवस फुकट गेला. जुन्या वेषातल्या माणसांनी धड उत्तरं दिली नाहीत, उलट थट्टा केली. राजवाडा नकली निघाला. ज्या रस्त्यावर फुकट फिरता येतं तिथे तिकिटाचे पैसे घेतले. मुलांसमोर गुलामगिरीचं रडगाणं ऐकावं लागलं. आणि उन्हात आईंचे हाल झाले.

आधी आईंचं. ती चूक सर्वस्वी आमची आहे. जुन्या गावाचा मुख्य रस्ता, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीट, सुमारे मैलभर लांब आहे, आणि जुलैच्या उन्हात तो चालायचा म्हणजे तरुणांचीही दमछाक होते. तिथे चाकाची खुर्ची भाड्याने मिळते, तिकीटधारकांसाठी गावाभोवती बस फिरत असते. हे सकाळी गाडीतच सांगायला हवं होतं. टूर मॅनेजरने सांगितलं नाही, कारण आम्ही त्याला दिलेल्या कागदातच ते नव्हतं. आई दोन तास झाडाखालच्या बाकावर बसून राहिल्या हे वाचून मला फार वाईट वाटलं. माझ्या वतीने त्यांची माफी मागा, मी फोन करून स्वतःही मागणार आहे.

वेळही कमी पडला. वॉशिंग्टनहून सकाळी निघून त्याच दिवशी विल्यम्सबर्ग उरकायचं, हे वेळापत्रक मी आखलं होतं. अंतर दीडशे मैलांच्या आसपास, तीन तासांचा हिशोब धरला होता, रस्ता तुंबला आणि पोचेपर्यंत जेवणाची वेळ झाली. पुढच्या ग्रुपपासून तिथे एक मुक्काम ठेवला आहे.

आता त्या वेषातल्या माणसांबद्दल. याबद्दल जरा लांबण लावतो, कारण तुमच्या नाराजीचं मूळ इथे आहे आणि तिथेही आम्हीच कमी पडलो.

विल्यम्सबर्गमध्ये जुन्या कपड्यांत दोन प्रकारची माणसं भेटतात. लोहार, विणकर, छापखान्यातले, सोनार-चांदीकाम करणारे हे कपड्यांनी अठराव्या शतकातले असले तरी बोलतात आजच्यासारखं. त्यांना काहीही विचारा, सरळ उत्तर मिळतं. ते नटही नाहीत. वर्षानुवर्षं उमेदवारी करून तो धंदा शिकलेले कारागीर आहेत. दुसरी माणसं एखाद्या खऱ्या व्यक्तीची भूमिका घेतात आणि त्या काळातून बाहेर येत नाहीत. १७७५ सालच्या माणसाला तुम्ही मोबाईल दाखवलात, तर त्याला तो काय हे कळणार नाही. कुणाशी कसं बोलायचं हे आधी माहीत असेल तर त्या गप्पांत तास कसा गेला ते समजत नाही. माहीत नसेल तर समोरचा आपल्याला टाळतोय असंच वाटणार. हे तुम्हाला आम्ही सांगितलं नव्हतं.

तुमच्या यजमानांनी 'आम्ही भारतातून आलो' म्हटल्यावर त्या गृहस्थांनी विचारलं, 'कंपनीच्या जहाजातून आलात का? चहा तर आणला नाहीत ना?' सगळे हसले आणि तुम्हाला ते लागलं. ताई, मी तिथे असतो तर तुमच्या कानात एवढंच सांगितलं असतं की हा प्रश्न खास आपल्यासाठी आहे. बॉस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीचा चहा समुद्रात फेकला गेला १६ डिसेंबर १७७३ ला. पुढच्या मे महिन्यात बॉस्टनच्या पाठीशी उभं राहिल्याबद्दल इंग्रजांचा तिथला गव्हर्नर डनमोर याने व्हर्जिनियाची विधानसभा बरखास्त केली. सभासद तिथून निघून त्याच रस्त्यावरच्या रॅले टॅव्हर्नमध्ये जमले आणि त्यांनी ठराव केला की कंपनीचा पूर्वेकडचा कुठलाही माल घ्यायचा नाही. सूट दोनच गोष्टींना, सोरा (बंदुकीच्या दारूला लागणारा क्षार) आणि मसाले. अशा गावात १७७५ च्या सुमाराला हिंदुस्थानातून कुणी आलं, तर पहिला प्रश्न चहाचाच येणार! तुमच्या यजमानांनी उलट विचारलं असतं की तुमच्या बायकोने चहा खरंच सोडला का, कापड आता कुठून आणता, तर ते गृहस्थ अर्धा तास हलले नसते.

मला हे गाव इतकं जवळचं वाटतं त्याचं कारणही हेच आहे. १७७५ च्या मार्चमध्ये राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. पुढच्याच महिन्यात, २१ एप्रिलच्या पहाटे, डनमोरच्या माणसांनी विल्यम्सबर्गच्या कोठारातली बंदुकीची दारू गुपचूप उचलून नेली आणि गाव पेटून उठलं. ते आठ कोनी विटांचं कोठार तुम्ही पाहिलंत, मुलांचा फोटो तिथलाच आहे. तिथून थोड्याच अंतरावर यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला आणि टिपूवरच्या स्वारीत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बरोबरीने उतरले. हे सगळं आमच्या टूर मॅनेजरला तोंडपाठ हवं होतं. ऑगस्टपासून तो हे गाडीत, पोचायच्या आधी सांगेल.

राजवाडा नकली, असं तुम्ही लिहिलंय. नव्याने बांधलेला आहे, हे खरं. मूळ गव्हर्नर्स पॅलेस १७८१ च्या डिसेंबरमध्ये जळाला. तेव्हा तिथे यॉर्कटाउनच्या लढाईनंतरचं इस्पितळ होतं. मागच्या बागेत दीडशेहून जास्त सैनिक पुरलेले आहेत, त्यांच्यात दोन बायकाही आहेत. आजची इमारत १९३४ मध्ये खुली झाली. पण ती कुणी मनाने उभी केलेली नाही. जमिनीखाली जुना पाया आणि तळघरं सापडली. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या जेफर्सनने स्वतः काढलेला नकाशा होता. आणि १९२९ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात एक तांब्याचा पत्रा मिळाला, ज्यावर त्या राजवाड्याचं चित्र कोरलेलं होतं. गावातली ऐंशीहून जास्त घरं-इमारती मात्र अठराव्या शतकातल्या अस्सल आहेत. कुठली मूळची, कुठली पुन्हा बांधलेली, हे दारात उभं राहूनच सांगायला हवं. यापुढे ते सांगितलं जाईल.

तिकिटाचं म्हणाल तर रस्ता सार्वजनिक आहे, तिथे कुणीही फिरावं. इमारतींच्या आत आणि कारागिरांच्या दुकानांत जायला तिकीट लागतं, ते टूरच्या रकमेत धरलेलं होतं.

गुलामगिरीच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही आणि ते स्पष्टच सांगतो. अमेरिकन क्रांतीच्या आधी या गावातली निम्मी माणसं काळी होती आणि त्यातली जवळजवळ सगळी गुलाम. स्वातंत्र्यावर भाषणं देणाऱ्यांचं पाणी भरणारी, स्वयंपाक करणारी, घोड्यांना दाणापाणी देणारी. गावाच्या जीर्णोद्धाराला १९२६ मध्ये सुरुवात झाली, पण या निम्म्या गावाबद्दल बोलणारे कृष्णवर्णीय इंटरप्रिटर (जुन्या वेषात इतिहास सांगणारी माणसं) तिथे उभे राहायला १९७९ उजाडलं. १९९४ मध्ये त्यांनी गुलामांच्या लिलावाचा प्रवेश केला तेव्हा बाहेर निदर्शनं झाली. ज्यांच्या पूर्वजांची विक्री झाली अशी माणसं रोज ते कपडे चढवून आपल्यासारख्या अनोळखी लोकांना ती कहाणी सांगतात. त्याला रडगाणं म्हणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तुम्हाला आधी कल्पना द्यायला हवी होती, मुलं लहान आहेत, हे मात्र कबूल. तो कार्यक्रम वगळायचा की नाही हे आई-वडिलांनी ठरवायचं. पण टूरमधून मी तो काढणार नाही.

शेवटचं, 'मुलीला चिखलात उभं केलं' याबद्दल. टूर मॅनेजरने त्याचा फोटो पाठवलाय, तो माझ्यासमोर आहे. तुमच्या मुलीने सलवार गुडघ्यापर्यंत वर धरली आहे, पाय घोट्यापर्यंत ओल्या मातीत, आणि शेजारी जाड सुती सदऱ्यातला माणूस खाली बघत माती किती मळली गेली ते तपासतोय. ते वीटकाम आहे. माती पायांनीच तुडवायची, साच्यात दाबून विटा पाडायच्या, सावलीत वाळवायच्या आणि थंडी पडायला लागली की भट्टी रचून पेटवायची. त्या विटा गावातल्या बांधकामालाच लागतात. अठराव्या शतकात हे काम बहुतेक करून गुलाम माणसं आणि त्यांची मुलं करायची, आणि तुमच्या मुलीने तिथे विचारलं म्हणे, 'त्या मुलांना सुट्टी कधी असायची?' मॅनेजर सांगतो, तो कारागीर हातातलं काम थांबवून तिच्याशी बराच वेळ बोलत राहिला. पाय धुवायला पाणी आणि कोरडा टॉवेल आमच्याकडे असायला हवा होता. आता गाडीत ठेवतो.

आईंच्या त्या दिवसाच्या तिकिटाची रक्कम या आठवड्यात तुमच्या खात्यात परत येईल, त्यासाठी तुम्ही काही करायची गरज नाही. ऑक्टोबरच्या ग्रुपबरोबर मी स्वतः जातोय. तेव्हा भट्टी पेटलेली असली तर तिचा फोटो तुमच्या मुलीसाठी पाठवीन. तिने तुडवलेल्या मातीच्या विटा त्याच भट्टीत असतील.

आपला,
टूरचा संचालक